सरकारचं लेकरू

तुझं नाव मी इथे लिहिणार नाही. आडनाव नाही, गाव नाही, शाळाही नाही. ज्या वयात तू कायद्यासमोर उभा राहिलास त्या वयाच्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि पुढे तो मुलगा मोठा झाला किंवा मेला म्हणून ती मनाई उठते असं माझ्या वाचनात आलेलं नाही. तुझ्या गावच्या चौकात तुझ्या फोटोचा फ्लेक्स लागला आहे. त्यावर तुझं नाव ठळक आहे आणि खाली 'शोकाकुल' म्हणून तुझ्या नानांपासून मित्रमंडळापर्यंत सगळ्यांची नावं आहेत. गावाने तो कायदा वाचलेला नाही. मी वाचला आहे, म्हणून पाळते. तू हसशील. "आजी, तुमी रस्त्यावर कुत्रं नसलं तरी सिग्नल पाळता."

हे मी नातवंडांसाठी लिहिते आहे. रूबेन आणि सारा कॅनडात असतात, मराठी सावकाश का होईना वाचतात. तू गेलास त्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर रूबेनने माझा चेहरा पाहून विचारलं, काय झालं. माझा एक विद्यार्थी गेला, म्हटलं. कसा, तर अपघातात. कोल्हारच्या अलीकडे, सकाळच्या धुक्यात, तुझा दुधाचा टेम्पो रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. तू तेवीस वर्षांचा होतास. एवढं सांगून मी थांबले.

रूबेन आता सतरा वर्षांचा आहे. गाडी शिकतो, आणि त्याची आई तो घरी येईपर्यंत खिडकीपाशी उभी असते. तुझ्या सतराव्या वर्षी तुझ्या घरच्यांनी तुझं काय केलं, ते त्याला कळावं असं मला वाटतं. त्यामुळे तुला पाठ असलेल्या काही गोष्टी मी पुन्हा सांगणार आहे. ऐकून घे. नाहीतरी माझं बोलणं तू निम्मंच ऐकायचास.

आपली गाठ नगरच्या निरीक्षणगृहात पडली, प्रकरण चालू असलेली अठराच्या आतली मुलं ठेवतात तिथे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे इंग्रजी शिकवायला जायचे. तू नवीन होतास, मागच्या बाकावर बसलास आणि तास संपल्यावर पहिला प्रश्न विचारलास, "मॅडम, पोलीस भरतीच्या परीक्षेला इंग्रजी किती येतं?" बाकीची मुलं खो खो हसली. एक म्हणाला, "आरं, आधी पोलिसांकडनं सुट, मग पोलीस हो." तूही हसलास. तुझ्या पायात पळायचे बूट होते, टाचेपाशी दोऱ्याने शिवलेले. रोज सकाळी तू त्या अंगणाच्या भिंतीकडेने फेऱ्या मारायचास, आणि पहारेकरी म्हणायचा, हा काही पळून जायचा नाही, ह्याला गोल फिरण्यातच समाधान आहे.

आता तुझं प्रकरण. हे सगळं तू मला अगदी शेवटी, जायच्या आदल्या दिवशी सांगितलंस, पण गोष्ट क्रमाने सांगायची मला सवय आहे.

बांधावरून शेजाऱ्याशी भांडण जुनंच होतं. एका संध्याकाळी तुझ्या दादाने त्या माणसाच्या डोक्यात लोखंडी पाईप घातला. तिथे तिसरं कोणी नव्हतं. माणूस शुद्धीवर न येताच सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मेला. तुमचे वडील आधीच वारलेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो तुमच्या चुलत्यांचा, नानांचा. जमिनीच्या दाव्यांपायी नाना तालुक्याच्या कोर्टात इतके हेलपाटे घालून आले होते की ते स्वतःला अर्धे वकील समजायचे. त्यांनी बैठक बसवली. दादाचं लग्न झालेलं, वहिनीला सातवा महिना. दादा आत गेला तर जन्मठेप. तू सतरा वर्षांचा.

नाना काय म्हणाले ते तू मला त्यांच्याच आवाजात करून दाखवलं होतंस. "अठराच्या आत हायेस तवर तू सरकारचं लेकरू. कोन हात लावतंय तुला? दोन-तीन वर्सं खाऊन-पिऊन राहशील. भाईर आलास की समदे कागद फाडत्यात. भरतीला बी आडवं येत न्हाई."

"आणि तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"मी इचारलं, तिथं पळायला मोकळी जागा आसंल का."

नाना साफ खोटं बोलत नव्हते, हे रूबेनला सांगायला हवं. मोठ्या माणसावर खुनाचा आरोप आला की कोठडी, जेल, सेशन कोर्ट. अठराच्या आतल्या मुलासाठी वेगळं दार आहे. त्याला कोठडीत टाकायचं नाही, बेडी घालायची नाही, आरोपी म्हणायचं नाही. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं, जो शब्द तुला शेवटपर्यंत एका दमात म्हणता आला नाही. त्याला कोर्टाऐवजी बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं. मंडळात मॅजिस्ट्रेटबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात. गुन्हा सिद्ध झाला तरी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवायचं, आणि नंतर नोंदी नष्ट करायच्या, म्हणजे त्या पोराच्या पुढच्या आयुष्यात आड येणार नाहीत. मुलाला मोठ्यांपासून वाचवायला हे दार बांधलेलं आहे. तुझ्या नानांनी त्यातून तुझ्या दादाला बाहेर काढायचं ठरवलं. नवा शर्ट घालून मोटरसायकलवर बसवून तुला पोलीस ठाण्यात नेलं.

नानांना जे ठाऊक नव्हतं ते असं. कायदा बदलला होता. मुलगा सोळा पूर्ण केलेला असेल आणि गुन्हा खुनासारखा भयंकर असेल, तर मंडळ त्याला तपासतं. हे करण्याइतकी त्याची शारीरिक आणि मानसिक ताकद होती का, परिणाम त्याला कळत होते का, हे पाहतं. कळत होते असं मंडळाला वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयात जातं आणि मुलावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. तसा चालला आणि दोषी ठरला, तर नोंदीही फाडल्या जात नाहीत.

मला संशय आला तो तुझ्या भाषेमुळे. अधीक्षकांना, परिवीक्षा अधिकाऱ्यांना, मोफत मिळालेल्या वकीलबाईंना, सगळ्यांना तू एकच सांगायचास: "रागाच्या भरात पाईप उचलला आणि मारला, मग भानावर आलो." आयुष्यभर मी मुलांकडून कविता म्हणून घेतल्या आहेत. श्वास कुठे घेतला जातो ते मला ऐकू येतं.

"हे कोणी पाठ करून दिलं?"

"पाठ न्हाई मॅडम. झालेलं सांगतोय."

"झालेलं सांगताना कोणी दोनदा तेच शब्द वापरत नाही. आणि 'भानावर आलो' असं तुमच्या गावात कोण म्हणतं?"

"पेपरात आसंच आस्तंय," तू म्हणालास, आणि बुटाचा दोरा सोडून पुन्हा बांधायला लागलास.

वकीलबाईंना मी माझा संशय सांगितला. त्या तरुण होत्या, पण सरळ होत्या. म्हणाल्या, "मॅडम, मलाही वाटतं. पण त्याने स्वतः तोंड उघडल्याशिवाय मी काय मांडू?" म्हणून मंडळापुढे जायच्या आदल्या तासाला मी तुला बाजूला घेतलं. आपलं ते पहिलं भांडण.

"ते तुला मोठा ठरवू शकतात. कळतंय का तुला?"

"नाना म्हनले, न्हाई ठरवत."

"नानांनी जुना कायदा ऐकलाय."

"कायदा बी जुना-नवा आस्तोय व्हय? मग मानसानं कुठला पाळायचा?"

"खरं सांग त्यांना."

तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मग म्हणालास, "एक सांगू? आईला कायबी इचारायचं न्हाई. आई ह्याच्यात न्हाई." मी आईचं नावही काढलं नव्हतं.

त्या दिवशी मंडळापुढे तू काय केलंस ते वकीलबाईंनी मला सांगितलं. तू घाबरला नाहीस. रडला नाहीस. समुपदेशकांनी उलटसुलट विचारलं तरी क्रम चुकला नाहीस. घरात बसवून तुझ्याकडून जितक्या वेळा म्हणून घेतलं असेल तितकं ते पक्कं झालं होतं. आणि त्या पक्केपणानेच तुझा घात केला. अहवालात लिहिलं गेलं की मुलगा शांत आहे, त्याच्या सांगण्यात सुसंगती आहे, आपल्या कृत्याचे परिणाम त्याला समजतात. थरथरला असतास, अडखळला असतास, तर कदाचित त्यांना तुझ्यात मूल दिसलं असतं. दिसला तो पाठांतर चोख केलेला एक मुलगा, आणि त्यांनी त्याला प्रौढ म्हटलं. मंडळावरची माणसं वाईट नव्हती. समोर आलं ते त्यांनी वाचलं.

पुढचं थोडक्यात. बाल न्यायालयात घरच्यांनी साक्षी दिल्या, तू कबूल झालास, शिक्षा झाली. तुला दुसऱ्या शहरात, 'सुरक्षित स्थळ' म्हणतात त्या बंदिस्त गृहात हलवलं. एसटीने मी भेटायला आले की तू आधी माझ्या पिशवीकडे बघायचास आणि मग माझ्याकडे. "केक न्हाई आनला? नाताळ संपला व्हय तुमचा?" वकीलबाईंनी औरंगाबादच्या खंडपीठात अपील दाखल केलं होतं. ते पडून राहिलं. एकवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा न्यायालयाने तुझी वागणूक पाहिली आणि जेलमध्ये न पाठवता देखरेखीखाली घरी सोडलं. एवढी माया कायद्याने शेवटी दाखवली. पण 'दोषी' हा शब्द राहिला. भरतीच्या मैदानावर तू सगळ्यांच्या पुढे पळालास, आणि चारित्र्य पडताळणीत नाव निघालं तेव्हा मैदानाबाहेर बसून होतास. मला फोन केलास. म्हणालास, "आजी, फश्ट आल्तो." त्या दिवसापासून मी तुझी आजी झाले. तोवर मॅडम होते.

घरी तुला काय मिळालं ते लिहायला हात धजत नाही. वहिनीला खरं माहीत नव्हतं. जिच्या पोटातल्या बाळासाठी तू आत गेलास, ती ते बाळ तुझ्याजवळ एकटं सोडत नव्हती. चूक तिची नाही. खून करून आलेला दीर, एवढंच तिला सांगितलेलं. दादा तुझ्याशी नीट बोलायचा, फार नीट, पाहुण्याशी बोलावं तसा. तू दुधाचा टेम्पो धरलास आणि डेअरीवरच झोपायला लागलास.

रविवारी दुपारी, मी चर्चमधून आले की, तू यायचास. माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, त्या तू मोठ्याने वाचायचास. "शुगर. आजी, साखरेला बी नाव लागतं व्हय? तोंडात टाकली की कळतंय." माझा नवरा गेल्यापासून त्या घरात मला रागवायला कोणी उरलं नव्हतं. तू चपला दारात वाकड्या काढायचास, मी रागवायचे, तू सरळ करायचास आणि जाताना मुद्दाम माझ्या वाकड्या करून जायचास. ह्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. माणूस असल्या गोष्टींचे आभार कधी मानतो?

शेवटच्या रविवारी तू आलास तो डब्यांकडे न बघता खुर्चीत बसलास. पुतण्या आता शाळेत जातो. कोणीतरी त्याला काहीतरी बोललं होतं.

"मला म्हनला, काका, तू मानूस मारला व्हय?"

"आणि तू?"

"व्हय म्हनलं. दुसरं काय सांगू? तुझ्या बापाला इचार म्हनू?"

तू हसायचा प्रयत्न केलास. मग खाली बघत बोललास. "मी नव्हतोच तिथं, आजी. कालव्याच्या रस्त्याला पळायला गेल्तो. घरी आलो तर समदे माझीच वाट बगत बसलेले."

मग नानांच्या बैठकीचं सगळं सांगितलंस, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तू श्वास मध्येच कुठेतरी घेतलास. मी लगेच वकीलबाईंना फोन लावला. अपील अजून जिवंत होतं. सोमवारी ये, म्हटलं, त्यांच्यासमोर एवढंच सांग. तू "बघू" म्हणालास. मी म्हटलं, तू एकटा पुरणार नाहीस, तुझ्या बाजूने घरातलं कोणी बोलायला हवं, आईला विचारू. तू ताडकन उठलास. "आईला न्हाई. आदीच सांगितलंय तुमाला. ती ह्याच्यात न्हाई." मी म्हटलं, ज्या घरात ती राहते त्या घरातलं तिला माहीत नसेल असं वाटतं तुला? "तिला कुनी इचारलंच न्हाई," एवढं म्हणून तू गेलास. चपला सरळ होत्या त्या दिवशी. त्या वादाचा उरलेला भाग मी सोमवारसाठी ठेवला होता. सोमवारी सकाळी धुकं पडलं.

मी दहाव्याला आले होते. पुरुषांच्या घोळक्यातून तुझा दादा माझ्याकडे आला. चेहरा सुजलेला होता, रडणं खोटं नव्हतं. हळूच म्हणाला, "मॅडम, तो गेला. आता केस बी संपली ना?"

मी त्याला कायदा सांगितला. अपील करणारा मेला की अपीलही मरतं. पण मरणाऱ्याच्या जवळच्या नातेवाइकाने, आईने किंवा भावाने, महिन्याच्या आत अर्ज केला, तर कोर्ट ते चालू ठेवायला परवानगी देऊ शकतं. "तुमच्याही हातात आहे," मी म्हटलं. त्याने मान खाली घातली आणि पंगतीत वाढायला निघून गेला. तो अजून फिरकलेला नाही.

निघताना तुझी आई माझ्यामागे रस्त्यापर्यंत आली. पदर तोंडात धरलेला. "बाई, तो तुमच्याकडं काय बोलला?"

तू नको म्हणाला होतास. मी तरीही सांगितलं. ती रडली नाही.

"तुमाला काय वाटलं, मला ठावं नव्हतं?" ती म्हणाली. "त्या टायमाला त्याला चा मीच दिल्ता. बिनदुधाचा. पळायच्या आदी दूध नको म्हनायचा."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"नाना म्हनले, बायांनी आत बसा. मी आत बसले."

त्यानंतर बरेच दिवस काही नाही. मी फोन केला नाही. एका आईला कशासाठी फोन करायचा, एका मुलासाठी दुसऱ्याच्या विरुद्ध सही कर म्हणून? महिना संपत आला तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, आता सोडून द्या मॅडम. आणि काल दुपारी ती एसटीने एकटी आली, शेजारणीकडून पत्ता विचारत. घरी नेवाशाच्या दवाखान्यात जाते म्हणून सांगून निघाली होती.

मी तिला तशीच वकीलबाईंच्या ऑफिसात घेऊन गेले. त्यांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. नुसतं अपील चालू ठेवायला एक सही पुरेल. पण तू तिथे नव्हतास असं कोर्टाला सांगायचं तर ते तिला शपथेवर सांगावं लागेल, आणि मग, तू नव्हतास तर कोण होतं, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच.

"थोरल्याला नेतील?"

"आज नाही. पण कोर्टाने तुमचं मानलं तर पुन्हा चौकशी होऊ शकते. मी होणार नाही असं म्हणणार नाही."

"त्याला बी सरकार लेकरू म्हनंल का?"

"नाही मावशी. तो तेव्हाही मोठाच होता."

बाहेर कोणीतरी झेरॉक्सवाल्याशी हुज्जत घालत होतं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "धाकटा जिता आस्ता तर मी आले नस्ते, बाई. खोटं कशाला बोलू. दोगं जिते हुते तवर कुनाचं नख कापायचं? पन आता नातू रोज इचारतो, काका वाईट हुता का. त्याची आई व्हय म्हनती. मी तिथंच चुलीपाशी बसलेली आस्ते."

तिने अर्जावर सही केली आणि शपथपत्रावरही, एकेक अक्षर थांबत थांबत. वकीलबाईंनी पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही.

मी तिला माझ्याकडे राहायचा आग्रह केला. उद्या जा, म्हटलं, घरी काय सांगायचं त्याचा विचार करू. ती आधीच चपला घालत होती. मी स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवून ती म्हणाली, "आज रात्री मीच सांगते थोरल्याला. दुसऱ्या कुनाकडनं कळायला नको." मग आत जाऊन खिडकीतून पुन्हा डोकावली. "पन जेवल्यावर. तो फॅक्टरीवरनं भुकेला येतो, बाई. आदी सांगितलं तर जेवायचा न्हाई."